‘कोणी मले इचारलंच नाही’ : भुसावळच्या एका कॅथॉलिक कुटुंबातील अखेरच्या तेरा दिवसांचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण भुसावळमधील आहे. कुटुंबाच्या संमतीने ते लिहिले आहे. नावे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी निवृत्त परिचारिका असून आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे इथल्या चर्चच्या समुदायाच्या, रुग्णभेट गटात काम करते, आणि या कुटुंबाशी माझा संबंध त्याच नात्याने आला. रुग्णाच्या शेवटच्या दिवसांत घरच्यांबरोबर बसणाऱ्या धर्मगुरूंना, परिचारिकांना आणि स्वयंसेवकांना उपयोग व्हावा, म्हणून झालेल्या चुकांसह सगळे येथे मांडत आहे.

आजारी गृहस्थांना घरात सगळे पप्पा म्हणत, म्हणून येथेही तेच म्हणते. वय ७८, रेल्वेच्या लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त. मूळ गाव अहिल्यानगर जिल्ह्यात, जिथल्या कित्येक मराठी कॅथॉलिक कुटुंबांनी नोकरीच्या निमित्ताने रेल्वेची वाट धरली. भुसावळचा आमचा समाज असाच रेल्वेमुळे गोळा झालेला आहे : गोव्याचे, तामिळ, मल्याळी, अँग्लो-इंडियन आणि नगरकडचे मराठी, सगळे एकाच चर्चमध्ये. १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतातून नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला, तेव्हापासून जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे खानदेशचे तिन्ही जिल्हे नाशिकच्या बिशपांच्या अखत्यारीत आहेत. आम्ही संख्येने थोडे आहोत, त्यामुळे घराघरात दुसऱ्या धर्माची सोयरीक आहे, आणि या प्रकरणाचे मूळ काही अंशी तिथेच आहे.

पप्पांची पत्नी, म्हणजे आमच्या काकू, यावल तालुक्यातील लेवा पाटील शेतकरी घरातल्या. १९७० च्या दशकात चर्चची रीतसर सूट घेऊन लग्न झाले. काकूंनी बाप्तिस्मा घेतला नाही; मुले मात्र कॅथॉलिक म्हणून वाढली. रविवारी काकू मुलांना न्हाऊमाखू घालून मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, पाठवायच्या आणि महाशिवरात्रीला पप्पा त्यांना घेऊन चांगदेवच्या यात्रेला जायचे, तापी आणि पूर्णेच्या संगमावर. पन्नास वर्षे हे असेच चालले आणि त्यावरून घरात कधी भांडण झाल्याचे कोणाला आठवत नाही.

मुले तीन. थोरले भुसावळलाच असून आईवडिलांजवळ राहतात. मधली मुलगी पुण्यात परिचारिका आहे. भाऊ तिला ताई म्हणतात. धाकटे मस्कतला नोकरीला आहेत.

पप्पांना फुप्फुसाचा जुनाट आजार होता. घरी ऑक्सिजनचे मशीन होते. आधीच्या वर्षभरात दोनदा त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले होते, आणि दुसऱ्या वेळेनंतर ते घराबाहेर फारसे पडले नाहीत.

प्रश्न कसा उभा राहिला

मे महिन्यातील एका सोमवारी रात्री पप्पांची धाप वाढली. थोरल्यांनी त्यांना जळगावच्या एका खासगी रुग्णालयात नेले. न्यूमोनिया झाला होता. मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास डॉक्टरांनी विचारले की श्वासनलिकेत नळी घालायची का, आणि निर्णय दहा मिनिटांत हवा होता. थोरल्यांनी सही केली. त्या क्षणी, त्या जागी, एकट्या माणसाने दुसरे काय केले असते, हे मला आजही सांगता येत नाही, आणि त्या सहीबद्दल त्यांना कोणी दोष देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या आणि आयसीयूच्या दारातच भावाला म्हणाल्या, “पप्पा नको म्हणाले होते ना!” मागच्या खेपेला नळी निघाल्यावर पप्पा त्यांना फोनवर तसे म्हणाले होते. थोरल्यांचे उत्तर होते की आजारी माणूस वैतागून पुष्कळ बोलतो. शिवाय चर्च अशी परवानगी देत नाही, देवाने दिलेला श्वास बंद करणारे आपण कोण. धाकट्यांचे मस्कतहून एकच म्हणणे होते : मी येईपर्यंत काही करू नका. त्यांची रजा मंजूर व्हायची होती.

पहिला वाद मात्र नळीवरून पेटला नाही, तेलावरून पेटला. ताईंना फादरांना बोलावून रुग्णाभ्यंग संस्कार, म्हणजे प्रार्थना करून आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा विधी, करून घ्यायचा होता. थोरल्यांनी ठाम नकार दिला, कारण त्यांच्या लेखी तेल लावणे म्हणजे आशा सोडणे. ही समजूत आमच्या समाजात अजून खोल आहे. पूर्वी या संस्काराला ‘अंतिम अभ्यंग’ म्हणत आणि तो अगदी शेवटच्या घटकेला दिला जाई. जगभरच्या कॅथॉलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये स्पष्ट केले की तो आजाऱ्यांचा अभ्यंग आहे आणि आजारपणाने किंवा वयामुळे जिवाला धोका निर्माण होऊ लागताच तो घेणे उचित आहे. मरणाऱ्याची खरी शिदोरी म्हणजे शेवटचा ख्रिस्तप्रसाद, मिस्सेत पवित्र केलेली भाकर किंवा द्राक्षरस. हे थोरल्यांना शांतपणे सांगायला दोन दिवस लागले. तोवर पप्पा औषधांच्या गुंगीत होते.

चौथ्या दिवशी फादर आले. रुग्णालयाने पाच मिनिटे दिली. कपाळावर तेल लावून झाले आणि फादर हातांकडे वळले, तेव्हा लक्षात आले की दोन्ही हात पलंगाच्या कठड्याला बँडेजच्या पट्टीने बांधलेले आहेत. गुंगी उतरली की पप्पा नळी ओढू पाहत, म्हणून ती तजवीज होती. आयसीयूत हे नेहमीचे आहे आणि मी स्वतः नोकरीत असताना असे हात बांधलेले आहेत. सिस्टरने गाठी सोडल्या. फादरांनी तळवा उलटा केला, तेव्हा मनगटावर पट्टीचे लाल वळ दिसले. थोरले पायथ्याशी उभे होते. प्रार्थना संपल्यावर सिस्टर पुन्हा पट्टी बांधू लागल्या, तेव्हा ते म्हणाले, “जरा वेळ राहू द्या. मी धरतो हात.” पाच मिनिटे संपल्यावरही सिस्टरने त्यांना तिथे राहू दिले, आणि ते तासभर हात धरून उभे राहिले. माझ्या मते या प्रकरणातील निर्णय तिथून हलू लागला, कोणाच्या युक्तिवादाने नव्हे.

समोर असलेले पर्याय

सातव्या दिवशी, रविवारी, डॉक्टरांनी सर्वांना बसवून सांगितले की व्हेंटिलेटरचा आधार कमी करण्याचे दोन प्रयत्न फसले आहेत, मूत्रपिंडांचे कामही मंदावले आहे, आणि आता पुढचे ठरवावे लागेल.

एक मार्ग गळ्याला छेद देऊन तेथून नळी बसवण्याचा होता. त्यामुळे तोंडातली नळी निघाली असती, पण यंत्र सुटण्याची शक्यता डॉक्टरांना जवळपास दिसत नव्हती. गरज पडल्यास डायलिसिसही सुरू झाले असते. दुसरा मार्ग आपल्याकडे सर्रास चालतो आणि कागदावर कुठेच नीट दिसत नाही, तो म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घेऊन जात असल्याची सही करायची, अ‍ॅम्ब्युलन्समध्ये श्वास देणारा फुगा हाताने दाबत घर गाठायचे आणि उंबरठ्यावर नळी काढायची. एका नातेवाइकाने तेच सुचवले होते. याला मी कडाडून विरोध केला, कारण अशा वेळी धाप शमवायला घरी कोणी नसते, औषध नसते आणि माणूस गुदमरत जातो. तिसरा मार्ग, चालू आहे ते चालू ठेवून नवे काही न वाढवण्याचा. धाकट्यांना तोच हवा होता. चौथा, कायद्याच्या वाटेने व्हेंटिलेटर काढून घेण्याचा.

या चौथ्या मार्गाबद्दल डॉक्टरांचे पहिले उत्तर, ‘आमच्याकडे असे कधी केलेले नाही,’ असे होते. ते खरेच होते. परंतु कायदा आहे. वर्षानुवर्षे अचेत असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये प्रथम दार किलकिले केले. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग मानून आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे पुढे सांगता आले नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची किचकट प्रक्रिया बरीच सोपी केली. आता उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षे अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ असते, आणि त्यानंतर दुय्यम मंडळ, ज्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे असते. इच्छापत्र नसले तरी कुटुंबीयांच्या लेखी संमतीने हीच वाट घेता येते, आणि अंमल करण्याआधी दंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. ताईंनी त्या आदेशाची प्रत छापून आणली होती. डॉक्टरांनी ती वाचायला घेतली आणि रात्री फोन करून, करू या, असे सांगितले. एका लहान शहरातील डॉक्टरने पहिल्यांदा हे करायला तयार होणे सोपे नसते, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

कायदा परवानगी देतो, पण चर्च देते का, हा थोरल्यांचा प्रश्न तसाच होता, आणि तो टाळण्यासारखा नव्हता. रविवारी सायंकाळची मिस्सा आटोपून फादर जळगावला आले. त्यांनी सांगितलेले मुद्दे मी तेव्हाच लिहून ठेवले. नोव्हेंबर १९५७ मध्ये पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांसमोर नेमक्या याच विषयावर, कृत्रिम श्वासयंत्रावर, भाषण केले होते; माणसावर नेहमीचे उपाय करण्याचे बंधन आहे, असाधारण उपायांचे नाही, असे त्यांनी सांगितले होते. चर्चची अधिकृत शिकवण सांगणाऱ्या धर्मशिक्षणग्रंथाच्या २२७८ व्या परिच्छेदात हेच आहे की जे उपचार जाचक, धोकादायक किंवा अपेक्षित लाभाच्या मानाने अवास्तव आहेत, ते थांबवणे योग्य ठरू शकते; त्यात मरण आणण्याचा हेतू नसतो, ते अडवता येत नाही हे मान्य करणे असते. त्याच वेळी फादरांनी हेही बजावले की शुश्रूषा थांबत नाही. पाणी आणि अन्न नळीने द्यावे लागले तरी ते, शरीराला लागू पडते आहे तोवर, तत्त्वतः नेहमीच्या शुश्रूषेतच मोडते, आणि २००७ मध्ये व्हॅटिकनने ते पुन्हा स्पष्ट केले आहे. म्हणून नाकातली आहाराची नळी राहणार होती. वेदना आणि धाप शमवणारे औषधही राहणार होते.

थोरले बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पण पप्पांना काय पाहिजे होतं, ते कोणाला नक्की माहीत आहे का?”

तेव्हा कुठे कोणाच्या तरी लक्षात आले की काकू बाहेर मार्गिकेत चटईवर बसलेल्या आहेत. सात दिवस त्या तिथेच होत्या. त्यांना चहा दिला जात होता, बातमी दिली जात होती, औषधांच्या चिठ्ठ्या सांभाळायला दिल्या जात होत्या. मी रोज त्यांच्याजवळ बसून जात होते. मीही विचारले नव्हते. आत बोलावून ताईंनी विचारल्यावर त्या म्हणाल्या, “कोणी मले इचारलंच नाही.” आणि मग त्यांनी सांगितले : मागच्या खेपेला घरी आल्यावर पप्पांनी दोनदा, एकदा रात्री आणि एकदा पेन्शन आणायला जाताना रिक्षात, सांगितले होते की आता पुन्हा ती नळी नको, श्वास लागला तर फादरांना बोलवा आणि मला घरच्या माणसांत राहू द्या. दुसरीही एक गोष्ट त्यांनी सांगितली, जिच्यामुळे पुढचा वाद झाला. पप्पांना दफन नको होते. दहन करा आणि राख चांगदेवच्या संगमात सोडा, असे ते म्हणाले होते. कारणही सांगितले होते. काकू गेल्यावर त्यांची राख तिथेच जाणार, तर दोघे एका ठिकाणी असावेत.

काय केले

नळीबद्दल रविवारी रात्री चौघांचे एकमत झाले. धाकट्यांनी व्हिडिओवरून संमती दिली, मात्र ते पोचेपर्यंत थांबावे हे सर्वांनी मान्य केले. मंगळवारी प्राथमिक मंडळ बसले. दुय्यम मंडळासाठी डॉक्टर नेमून घेण्यात दोन दिवसांचे फोन गेले. गुरुवारी त्यांची तपासणी झाली, संध्याकाळी दंडाधिकाऱ्यांना लेखी कळवले गेले, आणि त्याच रात्री धाकटे मुंबईहून रेल्वेने जळगावला उतरले.

शुक्रवारी दुपारी बाराला नळी काढली. त्याआधी धाप शमवण्यासाठी मॉर्फिनचा लहान डोस सुरू केला होता, आणि तोंडावर साधा ऑक्सिजनचा मास्क ठेवला. खोली वेगळी मिळाली होती. तासाभरात पप्पांनी डोळे उघडले. ताईंनी विचारले, “पप्पा, नळी काढली आहे, परत घालायची नाही, बरोबर?” त्यांनी होकारार्थी मान हलवली. संध्याकाळी फादर आले. ओस्ती, म्हणजे पवित्र भाकरीची चकती, गिळणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी पवित्र द्राक्षरसाचा एक थेंब चमच्याच्या टोकाने जिभेवर ठेवला. घन पदार्थ न गिळू शकणाऱ्या रुग्णासाठी चर्चने ही सोय ठेवली आहे आणि ती फार थोड्या लोकांना माहीत असते. थोरल्यांनी जपमाळ सुरू केली. काकू उशाशी बसून ओल्या फडक्याने ओठ टिपत होत्या. शनिवारी सकाळपासून नळीने दिलेला आहार पोटात टिकेना, तेव्हा डॉक्टरांनी तो थांबवला आणि फादरांना विचारूनच थांबवला. संध्याकाळी सातच्या सुमारास पप्पा गेले. नळी निघाल्यापासून ३१ तास.

अंत्यविधीचा वाद

काकूंनी रविवारी सांगितलेली दुसरी गोष्ट सहा दिवस कोणीच पुन्हा काढली नव्हती. माणूस श्वास घेत असताना त्याच्या मातीबद्दल बोलणे अभद्र, असे सगळ्यांना वाटले, मलाही वाटले. परिणाम असा झाला की शनिवारी रात्री, मे महिन्याच्या उकाड्यात, शीतपेटीच्या घरघरीशेजारी बसून तो निर्णय करावा लागला.

आणि तोवर बाजू वाढल्या होत्या. अहिल्यानगरहून पप्पांचे चुलतभाऊ निघाले होते. आईवडिलांच्या कबरीशेजारी गावी न्यायचे, असे त्यांचे म्हणणे होते. यावलहून काकूंचे भाऊ आले होते. बहिणीला यजमानांनी जे सांगितले ते व्हावे, एवढेच ते म्हणत होते, पण थोरल्यांना वाटले की दहनाची कल्पना त्यांनीच आईच्या डोक्यात घातली. ते तसे बोललेही. मामा उठून अंगणात जाऊन बसले.

फादरांनी जे सांगितले त्याने दोन्ही बाजूंचे समज मोडले. दहन निषिद्ध आहे, हा थोरल्यांचा समज चुकीचा होता. १८८६ पासूनची बंदी १९६३ मध्ये उठली, आणि १९८३ च्या धर्मसंहितेनुसार, म्हणजे चर्चच्या कायद्यानुसार, चर्च दफनाचा आग्रह धरते, पण ख्रिस्ती शिकवणीला विरोध म्हणून केलेले नसेल तर दहनाला मनाई करत नाही. मात्र राख नदीत सोडता येत नाही. व्हॅटिकनच्या २०१६ च्या सूचनेनुसार ती हवेत, जमिनीवर किंवा पाण्यात विखुरता येत नाही, घरात ठेवता येत नाही आणि नातेवाइकांत वाटता येत नाही. ती दफनभूमीसारख्या पवित्र जागीच ठेवावी लागते. पप्पांच्या इच्छेत पुनरुत्थानावरचा अविश्वास नव्हता, बायकोजवळ राहण्याची ओढ होती, हे फादरांना पटत होते. तरी संगमाला ते हो म्हणू शकत नव्हते.

काकूंनी विचारले, “मग जाळून उपयोग काय? नदी तर नाहीच.” थोड्या वेळाने त्यांनीच दुसरा प्रश्न विचारला. दफन केले, तर पुढे त्या कबरीत त्यांना जागा मिळेल का? बाप्तिस्मा न घेतलेल्या पत्नीला कॅथॉलिक दफनभूमीत जागा देण्याचा प्रसंग आमच्याकडे कोणाच्या आठवणीत नव्हता. चर्चच्या समितीच्या एका सदस्याने तिथेच नाही म्हटले. फादर म्हणाले की आज रात्री मी शब्द देऊ शकत नाही, पण नाशिकला बिशपांकडे लिहीन आणि तुमच्या बाजूने लिहीन. काकूंनी त्यावर दफनाला होकार दिला. हा होकार त्यांनी अर्धवट आश्वासनावर दिला, आणि घरातल्या कोणीही तोवर तेवढे सोडले नव्हते.

मग दिवस ठरेना. पुढचा दिवस रविवार, आणि पास्खापासून (ईस्टरपासून) सात आठवड्यांनी येणाऱ्या पेन्टेकॉस्ट सणापर्यंतच्या रविवारी अंत्यविधीची मिस्सा करता येत नाही. नाताळाआधीचा आगमनकाळ आणि ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ यांतल्या रविवारांनाही तोच नियम आहे. प्रार्थनाविधी करून रविवारी दफन आणि सोमवारी मिस्सा, असा सुटसुटीत मार्ग होता. थोरले तयार होईनात. मिस्सेशिवाय वडिलांना मातीत घालणार नाही, असे ते म्हणाले. म्हणून सोमवारी सकाळी सातची वेळ ठरली. पारा ४५ च्या पुढे होता. रविवारी रात्री दोनला वीज गेली आणि शीतपेटी बंद पडली. शेजारच्या मुलांनी मोटारसायकलवरून बर्फाच्या लाद्या आणल्या, त्या गोणपाटात गुंडाळून पेटीच्या कडेने रचल्या, आणि वीज येईपर्यंत काकू त्या वितळणाऱ्या पाण्यात पाय टाकून बसून राहिल्या. हे टाळता आले असते.

सकाळी घरातून निघण्यापूर्वी दोन शेजारणी काकूंच्या बांगड्या उतरवायला पुढे झाल्या. ताईंनी त्या शेजारणींचा हात धरला. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने बांगड्या फोडण्यासारख्या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले, हे त्या क्षणी कोणाला आठवले नसेल, पण मामाच म्हणाले की राहू द्या, आमच्या बहिणीच्या बांगड्या कोणी फोडायच्या नाहीत. आदल्या रात्री अपमान होऊन अंगणात बसलेला माणूस हे बोलला, याची मी येथे मुद्दाम नोंद करते.

कबरीवर फादरांनी पवित्र पाणी शिंपडले, प्रार्थना म्हटली, आणि एकेकाने मूठमाती दिली. काकूंनी पदराची गाठ सोडली. रविवारी दुपारी त्यांनी भाच्याला चांगदेवला पाठवून संगमाच्या काठची माती आणवली होती; उन्हाने तडकलेल्या काळ्या गाळाचे चार-पाच पापुद्रे होते. त्यांनी फादरांकडे पाहिले. फादरांनी मान हलवली. पापुद्रे बोटांनी चुरून त्यांनी पेटीवर टाकले.

परिणाम

अहिल्यानगरचे चुलतभाऊ दफनाला आले, महिन्याच्या मिस्सेला आले नाहीत. त्यांचा राग अजून गेलेला नाही. तेराव्या दिवशी मामांनी यावलला जेवण घातले, त्याला तिन्ही मुले गेली. थोरल्यांनी तिथे मामांची माफी मागितली, असे ताईंकडून कळले. ताई आणि थोरले यांच्यात बोलणे आहे, पण त्या पहिल्या रात्रीच्या सहीचा विषय दोघेही टाळतात. नाशिकहून पत्र जुलैत आले : काकूंची तशी इच्छा राहिली तर पतीच्या कबरीत त्यांना जागा देण्यास हरकत नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिली संधी या आजाराच्या आधीच होती. दुसऱ्यांदा व्हेंटिलेटरवरून सुटून पप्पा घरी आले, तेव्हा ते शुद्धीत होते, बोलत होते आणि त्यांचे मत ठरलेले होते. आमच्या गटातून मी त्या महिन्यात दोनदा त्यांच्याकडे गेले होते. आम्ही प्रार्थना केली, चहा घेतला. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढ्यावर इच्छापत्र होते. ते असते तर मध्यरात्री दीडला थोरल्यांवर एकट्याने सही करण्याची वेळ बहुधा आली नसती.

दुसरी गोष्ट अभ्यंगाची. तो रुग्णालयात नव्हे, घरी, श्वास बरा असताना व्हायला हवा होता. आता आमच्या धर्मग्रामात वर्षातून एकदा आजारी आणि वृद्धांसाठी सामुदायिक अभ्यंग ठेवावा, असे मी सुचवले आहे; लोकांनी चालत येऊन तेल घेतलेले पाहिल्याशिवाय ‘तेल म्हणजे शेवट’ ही समजूत जाणार नाही.

मिस्सेच्या बाबतीत थोरल्यांना समजावण्यात आम्ही कमी पडलो. नियम सांगितला, पण रविवारच्या दफनविधीत काय काय असते, वचने, प्रार्थना, कबरीचा आशीर्वाद, हे कोणी त्यांना उघडून दाखवले नाही. त्यांना वाटले की मिस्सा नाही म्हणजे काहीच नाही.

मला सर्वांत जास्त सलते ते मात्र वेगळेच. त्या ३१ तासांत पप्पा अधूनमधून शुद्धीवर होते. नळीबद्दल विचारले तेव्हा त्यांनी मान हलवून उत्तर दिले. संगमाबद्दल त्यांना विचारता आले असते. फादर खोलीत होते, काकू उशाशी होत्या, मुले तिन्ही हजर होती. राख नदीत सोडता येणार नाही, पण काकूंना तुमच्याजवळ जागा मिळावी म्हणून प्रयत्न करू, चालेल का, एवढेच विचारायचे होते. त्यांनी होकार दिला असता की नाही, मला सांगता येत नाही. विचारले असते, तर काकूंना पन्नास वर्षांच्या सोबत्याच्या वतीने एकटीने तडजोड करावी लागली नसती. काकूंचे वाक्य ऐकून आम्ही सगळे ओशाळलो होतो, आणि पाचच दिवसांनी तीच चूक पप्पांच्या बाबतीत केली.

दिवाळीनंतर काकूंनी स्वतःचे वैद्यकीय इच्छापत्र केले. निर्णय घेणारे म्हणून त्यात तिन्ही मुलांची नावे आहेत. अंत्यविधीसाठी मी त्यांना एक वेगळा कागद दिला आहे. त्याला कायद्याचे बळ नाही, पण घरच्यांना वाचता येईल. तो अजून कोरा आहे. नाशिकचे पत्र त्यांनी त्याच्याच घडीत ठेवले आहे. महाशिवरात्रीला चांगदेवला जाऊन येते आणि मग काय ते लिहायला सांगते, असे त्या म्हणाल्या आहेत. या वेळी त्यांना तिथे थोरले घेऊन जाणार आहेत.